जे नाही ते काढून घेताना

मालगंजच्या कचोरीवाल्याने चटणी गाळून उरलेले
दीडशेएक चिंचोके दिले, फुकट.
वर विचारलं, मॅडम, बोना है क्या?

रात्री निम्मे चुन्यात बुडवले,
ओट्यावर जुना पेपर पसरून वाळवले.
काळा म्हणजे आहे.
पांढरा म्हणजे देणं आहे.
एक काळा, एक पांढरा शेजारी ठेवला
की दोघं मिळून काहीच नाही.
इतकं सहावी ब ला सोमवारी पटलं होतं.

मंगळवारी फळ्यावर लिहिलं:
दोन वजा, कंसात, वजा तीन.

एकोणीस वर्षं मी याच खोलीत म्हणत आलेय,
वजा वजा अधिक,
आणि वर्ग माझ्यामागून म्हणत आलाय
एका सुरात, खिडकीबाहेर बघत,
पाढ्यासारखं,
ज्याचा अर्थ विचारायचा नसतो.

तिलक चौकसे म्हणत नव्हता.
त्याने बाकावर दोन काळे मांडले होते,
भांडण झाल्यासारखे लांब लांब.
'मॅडम, यातून तीन पांढरे काढायचे ना?
पण एकही नाहीये.
काढू काय?'

वर्ग हसला.
मला हसू आलं नाही.
इतक्या वर्षांत कुणी हात पुढे करून
ते तीन खरोखर शोधलेच नव्हते.
मीही नाही.
घंटा झाली म्हणून सुटले.

बुधवारी त्याला म्हटलं, 'आधी शून्य आण.'
'किती?'
'तीन.'
मागच्या बाकावरून कुणीतरी: 'तीन शून्यं म्हणजे पण शून्यच की!'
म्हटलं, म्हणूनच आणता येतात.
कुणाला विचारावं लागत नाही.

काळा-पांढरा, काळा-पांढरा, काळा-पांढरा.
तिलकने जोड्या लावल्या.
'काही वाढलं?'
त्याने मोजलं. परत मोजलं.
'नाही. दोनच.'
'आता पांढरे उचल.'

तांदळातले खडे निवडावेत
तसे त्याने तिन्ही उचलले,
मुठीत धरले,
आणि बाकाकडे बघत राहिला.
पाच काळे.
त्यांतले तीन आले कुठून, हे त्यानेच केलं होतं
आणि त्यालाच खरं वाटत नव्हतं.

मग म्हणाला, 'आमच्या घरी झालंय हे.
सियागंजच्या बेसनवाल्या शेठनी
पप्पांच्या नावावरचे तीन हजार खोडले, दिवाळीत.
पप्पा जिलबी घेऊन आले.
मम्मी म्हणाली, पैसे आले?
पप्पा म्हणाले, नाही.
मग जिलबी कशाची?
पप्पांना सांगताच येईना.'

त्याने मूठ उघडली,
तीन पांढरे मला दाखवले.
'ह्यांची.'

मी खडू ठेवून दिला. त्या दिवशी
आणखी काही शिकवायची गरज नव्हती.
पण यामिनी पळशीकरचा हात वर होता,
तिचा असतोच.
'बाई, मग शेठच्या वहीतून काय गेलं?'

काळे तीन गेले, यामिनी.
हे मला तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचलं
आणि तिलकचा चेहरा बघून बोलले नाही.
म्हटलं, पुढच्या धड्यात बघू.
पुढचा धडा कोनांचा आहे.

संध्याकाळी घरी कुलूप उघडताना
पर्समधून किल्लीबरोबर एक चिंचोका पडला.
पांढरा. म्हणजे पांढरा होता,
किल्ल्यांना घासून चुना निम्मा गेलेला.
कुणाच्या डब्यातला, कळायला मार्ग नाही.
म्हणजे सहावी ब मधल्या कुणाचं तरी
सकाळपासून एकाने भलं झालंय
आणि त्याला पत्ताच नाही.

उद्या परत द्यायला हवा.
दारात उभी राहून
अंगठ्याने उरलेला चुना खरवडत
मी ठरवत होते,
द्यावा का.